विठ्ठलाचे कानडेपण

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून श्री एकनाथमहाराजांची पालखी प्रस्थान ठेवते आणि बीड जिल्ह्यातील माळरान व डोंगरघाट मागे टाकीत आषाढ शुद्ध दशमीला पंढरीस पोचते. त्याच दिवसांत भीमेच्या दक्षिणेकडूनही दिंड्या निघालेल्या असतात. विजापूर, बागलकोट, बेळगाव, गुलबर्गा या भागांतील ती मंडळी. गळ्यात तीच तुळशीची माळ, कपाळी तोच बुक्का आणि मुखी तेच नाम. परंतु नामाचा गजर क्षणभर थांबला की जी वाणी कानी पडते ती कानडी असते. आपण मराठी वारकरी त्यांना वाट देतो, पाण्याचा तांब्या पुढे करतो, परस्परांच्या पायांवर मस्तकही ठेवतो. बोलत मात्र नाही. ‘कानडी आहेत’ एवढे म्हणून पुढे सरतो.

आज एकादशीच्या पुण्यपर्वावर या एका शब्दाविषयी वाचकांशी हितगुज करावे असे आम्ही योजिले आहे. कारण या शब्दाच्या बाबतीत आमच्या हातून दीर्घकाळ एक प्रमाद घडत आला. तो आमच्या ध्यानात आणून दिला तो कोणा शास्त्र्याने नव्हे, तर चकलांब्याच्या एका ऊसतोड करणाऱ्या वृद्धेने.

चकलांब्याचे ते कीर्तन

चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. आमचे वास्तव्य पैठणक्षेत्री. गोदामाई ओलांडून दक्षिणेस उतरले की हा सारा टापू आमच्या नित्याच्या कीर्तनसेवेचा. या भागातील शेकडो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर टाकून ऊसतोडीस जातात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. मनुष्याची ओळख त्याच्या हत्यारावरून ठरावी, असे ते जिणे. कोणी पुणे-नगरकडे, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, तर कोणी थेट कर्नाटकातील बेळगाव-बागलकोटच्या साखर कारखान्यांकडे जातो. ही मंडळी उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात, आणि मग गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह उभे राहतात.

अशाच एका चैत्रात, काही वर्षांपूर्वी, चकलांब्याच्या सप्ताहात आमचे कीर्तन होते. निरूपणास घेतला होता ज्ञानेश्वरमाउलींच्या नावाने घरोघरी गायिला जाणारा तो सुप्रसिद्ध अभंग, ज्यात विठ्ठलाला ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकु’ अशी दोन विशेषणे दिली आहेत. आम्ही नेहमीप्रमाणे अर्थ उलगडला. कानडा म्हणजे अगम्य, बुद्धीला न आकळणारा. आणि कर्नाटकु म्हणजे नाटक करणारा, लीलालाघवी. ‘येथे कानडी मुलखाचा काही एक संबंध नाही,’ असेही आम्ही ठासून सांगितले आणि वर एक विनोद केला, की कानडी बोलणे म्हणजे डब्यात खडे घालून वाजविणे. श्रोते खळखळून हसले. हा विनोद आम्ही तीस वर्षे करीत आलो होतो आणि तो कधी वाया गेला नव्हता.

आरती झाली, बुक्का लागला. एक वृद्धा पुढे आली. वय साठीच्या पुढचे, हाताची कातडी उसाच्या पाचटाने चिरलेली. तिने आरतीच्या ताटात पन्नास रुपयांची नोट ठेवली, आमच्या पायांवर डोके ठेवले आणि उठता उठता म्हणाली, “म्हाराज, रागावू नगा. कानडं म्हंजी न कळनारं म्हनलात. मला तं कळतं.”

“कसे काय, मावशी?” आम्ही विचारले.

“बावीस हंगाम केले की तिकडं.”

मग तिने उभ्याउभ्या जे सांगितले ते आम्ही जन्मात विसरणार नाही. लग्नानंतरचा पहिलाच हंगाम, बेळगावकडच्या एका फडावर. पोटात पहिलटकरणीचा गर्भ आणि उसाच्या कडेला पाचटाची कोपी. रात्री अवेळी पोटात कळा सुरू झाल्या. मुकादम वाहन पाहावयास गेला तो गेलाच. टोळीतल्या बाया तिच्याच वयाच्या, साऱ्या घाबरलेल्या. तेव्हा पलीकडच्या वस्तीवरची एक कानडी शेतकरीण कंदील घेऊन आली. तिने चूल पेटविली, पाणी तापविले आणि रात्रभर हिचे डोके मांडीवर घेऊन एकच वाक्य म्हणत राहिली, “अंजब्याड तंगी, अंजब्याड.”

“मला अरथ ठाव नव्हता,” वृद्धा म्हणाली, “पर भ्या गेलं. पहाटं पोरगं रडलं तवा ती बी ‘इठ्ठला’च म्हनली. मागून कळलं, अंजब्याड म्हंजी भिऊ नगंस, अन् तंगी म्हंजी धाकली भईन. म्हाराज, येकांद्याचं बोलनं कळंना तं बोलनाऱ्याचं काय चुकलं? आपलंच कान उनं.”

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरलेही नव्हते.

शब्दाचा अर्थ आणि ऐकणाऱ्याचा गर्व

त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. शब्दार्थाची चिकित्सा हा आमचा जन्माचा व्यवसाय. पाणिनीय धातुपाठात ‘म्लेच्छ’ या धातूचा अर्थ अस्पष्ट बोलणे असा दिला आहे. म्हणजे ज्याचे बोलणे आपल्या कानाला स्पष्ट वाटत नाही तो म्लेच्छ! शब्दाच्या मुळाशी असलेले हे उणेपण ऐकणाऱ्याचे. पण ते लादले गेले बोलणाऱ्यावर. ‘कानडा’ या शब्दाचे आपण नेमके हेच केले. जुन्या मराठीत कानडे म्हणजे दुर्बोध, गूढ असा अर्थ खरोखरच आहे. तो आम्ही आजही नाकारीत नाही. परंतु तो अर्थ आला कोठून? शेजारच्या मुलखातील वाणी आपल्याला समजेना, म्हणून जे जे समजेना त्याला आपण ‘कानडे’ म्हणू लागलो. गूढ हा अर्थ पोटातला, कानडी भाषा हा अर्थ मुळातला. आम्ही मूळ छाटून फांदी हातात धरली होती.

आणि ‘कानडी’ या नावात गूढ असे काहीच नाही. ‘करु’ आणि ‘नाडु’ या दोन द्राविड शब्दांपासून ‘करुनाडु’ आणि पुढे ‘कन्नड’, ‘कर्णाट’ ही नावे झाली, असे विद्वान मानतात. नाडु म्हणजे देश. करु याचा अर्थ कोणी उंच असा करतात, कोणी काळा. दुसरा अर्थ घेतला तर काळ्या मातीचा देश! चकलांब्याच्या शिवारात उभे राहून हा अर्थ मनात आणला की पायाखालची जमीनच उत्तर देते.

कावेरीपासून गोदावरीपर्यंत

कानडी भाषेतील उपलब्ध ग्रंथांमध्ये सर्वांत प्राचीन म्हणजे ‘कविराजमार्ग’ हा काव्यशास्त्रावरील ग्रंथ. इ.स. ८५०च्या सुमारास, मान्यखेट येथील राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या राजसभेत तो सिद्ध झाला. त्यात कानडी देशाची सीमा सांगितली आहे ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत. सुज्ञ वाचकांनी नकाशा पुढे घ्यावा. गोदावरीच्या दक्षिणेस असलेले चकलांबा त्या सीमेच्या अगदी आत बसते. ज्या गावात उभे राहून आम्ही कानडी मुलखाचा संबंध नाही असे ठासून सांगितले, ते गाव एका प्राचीन कवीच्या दृष्टीने कानडी मुलखाचे उत्तरेकडील उंबरठ्यावरचे गाव होते!

याचा अर्थ येथे त्या काळी केवळ कानडीच बोलली जात होती, असा कोणी घेऊ नये. पलीकडच्या काठावर प्रतिष्ठान नगरी होती. सातवाहनांच्या काळापासून तेथे महाराष्ट्री प्राकृत नांदत होते आणि आपली मराठी त्याच कुळातली. अर्थ एवढाच की या भूमीवर दोन्ही वाण्या एकाच पाणवठ्यावर पाणी भरीत होत्या. ज्या राष्ट्रकूटांनी कानडी काव्यास आश्रय दिला त्यांनीच आमच्या वेरूळचे कैलास लेणे खोदविले. सीमा राज्यांना असतात. पाणवठ्याला काठ असतात आणि ते दोन्ही बाजूंनी उतरण्यासाठी असतात.

प्रत्यक्ष दगडांची साक्ष पाहावी. मराठीच्या अतिप्राचीन कोरीव लेखांपैकी एक आहे कर्नाटकात, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी. दुसरा आहे दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ मधील. त्या गावच्या नावातील ‘कूडल’ या कानडी शब्दाचा अर्थच मुळी संगम असा आहे. याउलट पंढरीच्या मंदिरात शके ११५९ म्हणजे इ.स. १२३७ चा जो लेख आहे तो होयसळ राजा सोमेश्वर याच्या वेळचा, संस्कृत आणि कानडी भाषेतला. त्यात भीमरथीच्या तीरावरील या क्षेत्राचे नाव ‘पंडरगे’ असे आले आहे. नावाचा तो शेवट कानडी वळणाचा आहे. ज्ञानेश्वरी अवतरली शके १२१२ मध्ये. म्हणजे माउलींच्या ग्रंथापूर्वी अर्धशतक आमच्या विठोबाच्या दारी कानडी अक्षरे कोरली गेली होती. मराठीचा आद्य ठेवा कानडी देवाच्या पायाशी, आणि कानडीचा ठेवा मराठी देवाच्या मंदिरात! यास योगायोग म्हणावे की शेजारधर्म?

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाच्या या दाक्षिणात्य नात्याचा सखोल शोध घेतला. तो ग्रंथ आमच्या कपाटात होता. पाने उलटली होती, पण जे आपल्या विनोदाच्या आड येते ते वाचूनही मनुष्य वाचत नाही.

भानुदासांची वाट

शिलालेखांचे राहू द्या. भाविकांना अधिक जवळची वाटेल अशी कथा आमच्या पैठणचीच आहे. एकनाथमहाराजांचे पणजोबा संत भानुदास. परंपरा अशी सांगते की विजयनगरचा राजा कृष्णदेवराय पंढरीची मूर्ती आपल्या राजधानीस घेऊन गेला आणि वारकऱ्यांवर आकांत ओढवला. तेव्हा भानुदास तुंगभद्रेकाठी गेले आणि भक्तिबळाने देवाला पंढरीस परत घेऊन आले. ही कथा आम्ही किती वेळा रंगविली असेल, याची गणती नाही. राजाचा हट्ट, भानुदासांवरील संकट, देवाचे प्रसन्न होणे, सारे आले. परंतु एक प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. तो राजा विठ्ठलाला नेण्यासाठी आला, तो द्वेषाने आला होता काय? त्याने मूर्ती भंगिली नाही. कथेप्रमाणे त्याने तिला प्रेमाने नेले. देवाविषयी दोन भक्तांत झालेले ते भांडण होते, आणि असे भांडण सख्ख्या भावंडांतच होते.

हंपीचे ते भव्य विठ्ठलमंदिर आजही उभे आहे. त्याच्या प्रांगणातील दगडी रथ वाचकांनी अवश्य पाहिला असेल; हंपीस न जाताही पाहिला असेल. नव्या पन्नास रुपयांच्या नोटेच्या पाठीमागे जे चित्र छापले आहे ते त्याच रथाचे. चकलांब्याच्या मावशींनी ताटात ठेवलेली नोट त्या रात्री आम्ही हातात घेतली, उलटली, आणि बराच वेळ पाहत बसलो.

हंपीलाच पुरंदरदासांचे वास्तव्य होते. कर्नाटकातील हरिदासांनी आपल्या पदांच्या शेवटी जी नाममुद्रा घातली तिच्याकडे पाहावे. पुरंदरदासांची मुद्रा पुरंदर विठ्ठल, श्रीपादराजांची रंग विठ्ठल, विजयदासांची विजय विठ्ठल, जगन्नाथदासांची जगन्नाथ विठ्ठल. शतकानुशतके कानडी भक्तांनी आपली सही आमच्या देवाच्या नावाने केली. आणि आम्ही तीस वर्षे सांगत आलो की कानडीचा काही संबंध नाही!

ही गोष्ट केवळ वैष्णवांपुरती नाही. पंढरीच्या शेजारच्या मंगळवेढ्यास चोखोबा आणि दामाजीपंत जसे आपले, तसेच महात्मा बसवेश्वरांचे बिज्जलाच्या पदरी असलेले वास्तव्यही त्याच नगरीने पाहिले. सोलापूरचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील कानडी वचनकार. संक्रांतीला त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेस मराठी माणूस तितक्याच भावाने जातो.

घरातील कानडी

आता वाचकांच्या स्वयंपाकघरात डोकावू. एकादशीचे पारणे सुटेल तेव्हा भातावर जे तूप वाढले जाईल, तो शब्द कानडीतील ‘तुप्प’. विडा करताना हाती येणारा अडकित्ता आणि वेलदोडे कुटावयाचा खलबत्ता, हेही तिकडचेच शब्द. घरातील वडीलधाऱ्यांना आपण अण्णा, अप्पा, अक्का म्हणतो तीही त्याच शेजारघरची संबोधने. ज्या भाषेतून आपण नाती घेतली तिला परकी म्हणावे, हे विचित्र आहे.

विद्वज्जनांनी हे नाते ओळखले होते. गुरुदेव रा. द. रानडे यांचा जन्म जमखंडीचा. त्यांनी महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावर १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कानडी संतवाङ्मयातील परमार्थमार्गावरही तितक्याच अधिकाराने विवेचन केले. कानडीचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. कित्येक वर्षे त्यांनी सोलापूरच्या महाविद्यालयात अध्यापन केले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कानडी काव्यासाठी मिळाला. आणि पंडित भीमसेन जोशी? गदगचे ते सुपुत्र. त्यांच्या कंठातून अभंग ऐकताना डोळे पुसणाऱ्या मराठी घरांपैकी किती घरांनी ते कानडी आहेत म्हणून रेडिओ बंद केला?

आमच्या मराठवाड्याला तर हे नाते विसरण्याची मुभाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीड आणि गुलबर्गा हे एकाच हैदराबाद राज्यातील जिल्हे होते. आमच्या वडिलांच्या पिढीतील कित्येकांना कानडी कळत असे, थोडीफार बोलताही येत असे. राज्ये वेगळी झाली आणि एका पिढीत कान बंद झाले.

सीमाभागातील वेदना आम्ही जाणतो. बेळगावच्या मराठी भाषिकांची तळमळ खरी आहे. २००४ साली महाराष्ट्राने त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मराठी मुलाला मराठीत शिकता यावे, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कानडी मातृभाषा सांगणारे सुमारे १० लाख लोक होते. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांत आजही कानडी शाळा आहेत. जे आपण बेळगावात मागतो ते जतेत देणे, हाच धर्म. भारत सरकारने कानडीस २००८ साली आणि मराठीस २०२४ साली अभिजात भाषेचा मान दिला. थोरली बहीण आधी मानाच्या पाटावर बसली, धाकटी नंतर. यात हेवा कसला?

आणि सर्वांत मोठी गोष्ट चकलांब्याच्या त्या पाचटाच्या कोपीची. दरवर्षी आपल्या जिल्ह्यातील लेकीसुना पोटासाठी कानडी मुलखात जातात. तेथे परक्या त्या असतात. आजारी लेकराला काय होते आहे हे डॉक्टरांस सांगावयाचे तर शब्द नसतात. त्या वेळी तिकडची एखादी माउली कंदील घेऊन येते की दार लावून घेते, यावर कोणाचे तरी जिणे-मरणे अवलंबून असते. आपण व्यासपीठावरून ज्यांची टवाळी करतो, त्यांच्याच ओसरीवर आपली लेक निजलेली असते. हे आम्हांस साठाव्या वर्षी कळले.

आता आमचा पाठ

तेव्हापासून आम्ही तो विनोद सोडला आहे. अभंग तोच, परंतु निरूपणात आता दोन्ही अर्थ सांगतो. विठ्ठल कानडा आहे, कारण तो बुद्धीला आकळत नाही. आणि विठ्ठल कानडा आहे, कारण तो कानडी भक्तांचाही आहे. माउलींनी एकाच शब्दात दोन्ही ठेवले असतील, तर त्यातला एक काढून टाकण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? जो समजत नाही त्याच्यावरही प्रेम करता येते, हेच तर भक्तीचे सार. देव समजल्यावर भक्ती करू म्हणणारा जसा भक्त नव्हे, तसा शेजाऱ्याची भाषा समजल्यावर त्याला आपला म्हणू असे म्हणणारा शेजारीही नव्हे.

दुसऱ्या वर्षी चकलांब्यास पुन्हा जाणे झाले. मावशींना सभामंडपात पुढे बसविले आणि भर कीर्तनात त्यांची क्षमा मागितली. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग आम्ही त्यांना कानडी शिकविण्याची विनंती केली. उसाला ‘कब्बु’, पाण्याला ‘नीरु’, दुधाला ‘हालु’, गुळाला ‘बेल्ल’, जेवणाला ‘ऊट’. आमच्या उच्चारांवर त्या हसत, आम्हीही हसत असू. व्याकरण शिकविणाऱ्यास व्याकरण शिकावे लागले, तेही अक्षरओळख नसलेल्या गुरूकडून.

आज चंद्रभागेच्या वाळवंटी किंवा आपल्या गावच्या विठ्ठलमंदिरात कोणी कानडी भाविक भेटला, तर वाचकहो, नुसते हात जोडून पुढे जाऊ नका. ‘बर्री’, म्हणजे या, एवढा एक शब्द म्हणा. उच्चार चुकला तरी चिंता नाही. कटेवर कर ठेवून उभा असलेला आपला देव दोन्ही भाषा ऐकत आला आहे. चकलांब्याच्या मावशी म्हणाल्या तेच खरे. उणे होते ते आमचे कान.